थिन क्लायंटचं नेटवर्क आणि सिस्टीम सेटिंग: कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

थिन क्लायंट म्हणजे सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर दाखवणारं छोटं यंत्र. ते बसवताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो क्रम चुकल्यामुळे. आयपी पत्ता बरोबर भरलेला असतो, सर्व्हरचा डेस्कटॉप समोर आलेला असतो, सगळे घरी जातात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू केलं की भरलेलं सगळं गायब. किंवा नऊ यंत्रं नीट चालतात आणि दहावं अधूनमधून तुटतं. किंवा लाईट जाऊन आली की पाच यंत्रांना सर्व्हरच सापडत नाही. या तिन्ही तक्रारींत यंत्र सहसा ठणठणीत असतं.

खालची मांडणी छोट्या कार्यालयासाठी आहे: पतसंस्थेची शाखा, शाळेची संगणक खोली, तालुक्याचं वाचनालय. पाच ते वीस थिन क्लायंट, आणि सर्व्हर जागेवरच किंवा मुख्य कार्यालयात. उदाहरणापुरती देवगडची शाखा आणि कणकवलीचं मुख्य कार्यालय धरलं आहे. विंडोज आयओटीवर चालणारी यंत्रं आणि डेल थिनओएस, एचपी थिनप्रो अशा स्वतंत्र प्रणालीवर चालणारी यंत्रं, दोन्ही यात येतात. फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

## तयारी: यंत्राला हात लावण्याआधी तक्ता

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ आखा: टेबल क्रमांक, यंत्राचं नाव, मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक), आयपी पत्ता, स्विचचा पोर्ट. मॅक पत्ता यंत्राच्या तळाशी किंवा मागच्या पट्टीवर छापलेला असतो. वायफाय असलेल्या यंत्राला दोन मॅक पत्ते असतात. तक्त्यात केबलच्या पोर्टचा लिहायचा.

आता पत्त्यांची वाटणी. बहुतेक राउटर १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० या नेटवर्कवर येतात आणि लोक तेच ठेवतात. शाखा एकटी असेल तर चालतं. पण देवगडला १९२.१६८.१.० आणि कणकवलीलाही १९२.१६८.१.० असेल, तर ज्या दिवशी दोन्ही व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी, सुरक्षित वाटेने) जोडाल त्या दिवशी अडकाल. कणकवलीच्या सर्व्हरकडे निघालेली मागणी शाखेतच फिरत राहते, कारण यंत्राच्या हिशेबी तो पत्ता इथलाच असतो. म्हणून प्रत्येक शाखेला पहिल्या दिवसापासून वेगळा आकडा द्या. इथे १९२.१६८.३७.० धरू, मास्क २५५.२५५.२५५.०:

- ३७.१ : राउटर
- ३७.१० : सर्व्हर, जागेवर असेल तर
- ३७.२१ ते ३७.३० : प्रिंटर
- ३७.५१ ते ३७.१५० : डीएचसीपीचा पूल (यंत्रांना आपोआप वाटायचे पत्ते), त्यातले ५१ ते ७० थिन क्लायंटसाठी राखीव

हाताने भरलेले पत्ते ५० च्या खाली आणि डीएचसीपीने वाटायचे ५१ च्या वर, ही रेघ कधी ओलांडू नका. पूल १ पासून २५४ पर्यंत मोकळा सोडून वर प्रिंटरला हाताने पत्ता दिला, की तोच पत्ता कधी तरी दुसऱ्या यंत्राला मिळतो आणि दोघंही आळीपाळीने तुटतात. अधूनमधून तुटणाऱ्या त्या दहाव्या यंत्राचा घोळ बहुतेक वेळा हाच असतो.

तपासा: यंत्रं जुनी विकत घेतलेली असतील तर प्रत्येकाला आधी फॅक्टरी रीसेट द्या. आधीच्या मालकाच्या व्यवस्थापन सर्व्हरचा पत्ता आत राहिलेला असतो. यंत्र दर वेळी त्याला शोधत बसतं आणि चालू व्हायला उगाच वेळ लावतं.

## टप्पा १: लाईट, अर्थिंग, केबल

किनाऱ्याजवळच्या कार्यालयात सेटिंगच्या आधी याची खात्री हवी, नाहीतर पुढचे सगळे निष्कर्ष फसवे निघतात.

१. वायरमनकडून प्रत्येक सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा २०–३० दिसला तर अर्थिंग नावापुरतंच आहे. जांभ्याच्या कातळावर खड्डा उथळ राहतो आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत सुकतो. पावसाळ्यात बरोबर दिसणारं माप उन्हाळ्यात पुन्हा घ्यायला हवं ते यासाठी.

२. यूपीएसवर थिन क्लायंटसोबत स्विच, राउटर आणि फायबरची डबीही हवी. ही चूक फार होते. लाईट गेली की पडदे उजळलेले राहतात, पण स्विच मेलेला असल्यामुळे सगळ्यांची सत्रं एकदम तुटतात आणि दोष सर्व्हरवर जातो.

३. प्लग बाहेर काढून उजेडात धरा. आरजे-४५ च्या आठ सोनेरी पात्यांवर हिरवट किंवा काळपट ठिपका दिसला तर प्लग कापून नवा लावा. पुसून वापरू नका. खाऱ्या हवेने मुलामा उडालेला असतो, महिनाभरात पुन्हा तेच. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल इथे टिकत नाही.

४. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. स्विचपासून यंत्रापर्यंत १०० मीटरच्या आत.

तपासा: स्विच गिगाबिटचा असताना यंत्रात जोडणीचा वेग १०० दिसतो का? गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी सैल असली तर यंत्र १०० वर उतरतं किंवा जोडणी सारखी तुटते. सेटिंगमध्ये वेग हाताने ठरवून हा दोष झाकू नका; प्लग बदला.

सावधान: दोन इमारतींमध्ये उघड्यावरून लॅन केबल ओढू नका. वळवाच्या विजांमध्ये एका फटक्यात स्विच आणि सगळे पोर्ट जातात. तिथे फायबरच.

वायफायबद्दल थोडक्यात: जांभ्याची दीड-दोन फुटी भिंत मध्ये असेल तर विसरा. काउंटरवरच्या यंत्राला केबलच द्या.

## टप्पा २: बायॉस

१. यंत्र चालू होताना बायॉसच्या (प्रणालीच्या आधी जागं होणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावर जा. तारीख आणि वेळ बरोबर भरा. यंत्र बंद करून प्लग दहा मिनिटं काढून ठेवा आणि पुन्हा पाहा. वेळ मागे गेली असेल तर आतला सीआर-२०३२ सेल संपलाय. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली असलेला बदलूनच टाका.

२. बूटचा क्रम: आतली फ्लॅश पहिली. नेटवर्क बूट वापरत नसाल तर बंद करा, नाहीतर यंत्र दर वेळी नसलेल्या सर्व्हरची वाट पाहत थांबतं. यूएसबी बूटही बंद.

३. लाईट परत आल्यावर काय करायचं, हा पर्याय ‘बंदच राहा’ वर ठेवा. आपोआप चालू होण्याचा मोह टाळा. थिन क्लायंट मिनिटभरात जागा होतो, फायबरची डबी आणि राउटर यांना दोन-तीन मिनिटं लागतात. यंत्र पत्ता मागतं तेव्हा द्यायला कुणी जागंच नसतं. विंडोजवाली यंत्रं मग स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतात आणि ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणतात. लाईट जाऊन आल्यावरची सकाळची ओरड ती हीच.

४. बायॉसला पासवर्ड द्या आणि तो तक्त्याच्या बंद पाकिटात लिहून ठेवा. कंपनीने दिलेला पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतो.

## टप्पा ३: राईट फिल्टर उतरवा

हा टप्पा विंडोजवाल्या यंत्रांसाठी. थिनओएसला याची गरज नाही. थिनप्रोवर फक्त प्रशासक मोडमध्ये जायचं.

राईट फिल्टर चालू असताना तुम्ही केलेला प्रत्येक बदल फ्लॅशवर न जाता मेमरीतल्या एका थरात लिहिला जातो. यंत्र बंद झालं की तो थर पुसला जातो. वापरासाठी ही सोय उत्तम आहे. पण सेटिंग करताना फिल्टर चालू राहिला तर अख्ख्या दिवसाचं काम पाण्यात.

१. यंत्र आपोआप साध्या खात्यात शिरतं. शिफ्ट दाबून धरून लॉग-ऑफ करा, म्हणजे लॉगिनची खिडकी येईल. प्रशासक खात्याने शिरा.

२. फिल्टर बंद करण्याचा आदेश द्या.

३. रीस्टार्ट करा. आदेश दिल्याबरोबर फिल्टर उतरत नाही, पुढच्या सुरुवातीला उतरतो. लोक इथेच चुकतात: आदेश देतात, ‘यशस्वी’ असं वाचतात आणि तसंच काम सुरू करतात. त्या रीस्टार्टआधी केलेलं सगळं अजून मेमरीतच असतं.

तपासा: रीस्टार्टनंतर फिल्टरची स्थिती पाहा. त्यात ‘सध्याचं सत्र’ आणि ‘पुढचं सत्र’ असे दोन भाग दिसतात. दोन्हीकडे ‘बंद’ दिसायला हवं. खात्रीसाठी डेस्कटॉपवर एक रिकामी फाईल करा, पुन्हा रीस्टार्ट करा. फाईल टिकली तरच पुढे जा.

## टप्पा ४: पत्ता

पत्ता यंत्रात हाताने भरायचा की डीएचसीपीने द्यायचा, यावर खूप वाद होतात. आमचं मत स्पष्ट आहे: डीएचसीपीमध्ये राखीव पत्ता. यंत्रात ‘आपोआप’ ठेवा आणि राउटरमध्ये किंवा सर्व्हरमध्ये प्रत्येक मॅक पत्त्यासमोर तक्त्यातला आयपी बांधून टाका. उद्या राउटर किंवा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला तर एका जागी बदल करावा लागेल. हाताने भरलं असेल तर वीस यंत्रांवर फिल्टर उतरवून चढवत बसाल.

१. राउटरच्या राखीव यादीत मॅक पत्ते भरा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होते. मॅक पत्त्यात ओ कधीच नसतो.

२. पूलसोबत गेटवे (म्हणजे राउटर) ३७.१ आणि मास्क बरोबर जातोय ना, बघा.

३. यंत्राची केबल काढून पुन्हा लावा आणि मिळालेला पत्ता तक्त्याशी ताडून पाहा.

सावधान: तक्त्यात १९२.१६८.३७ असताना एखाद्या यंत्राला १९२.१६८.०.१०५ असला पत्ता मिळाला, तर इमारतीत दुसरा डीएचसीपी बसलाय. कुणीतरी मोबाईलसाठी आणलेला वायफाय राउटर लॅनच्या पोर्टने स्विचला जोडलेला असतो. तो शोधा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला ५० च्या खालचा मोकळा पत्ता द्या. यंत्राचं सेटिंग बदलून हा प्रश्न सुटत नाही.

## टप्पा ५: डीएनएस आणि यंत्राचं नाव

डीएनएसच्या पहिल्या ओळीत संस्थेच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता. दुसऱ्या ओळीत संस्थेचाच दुसरा सर्व्हर असेल तर तो, नाहीतर रिकामी.

‘असू दे पर्याय म्हणून’ असं म्हणत तिथे ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) घालणं ही सर्रास होणारी चूक. व्हीपीएन क्षणभर मंदावला की यंत्र दुसऱ्या ओळीकडे वळतं. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या आतल्या सर्व्हरचं नाव माहीत नसतं. तो ठामपणे ‘असं नाव नाही’ सांगतो आणि यंत्र ते खरं मानतं. म्हणून तक्रार येते ती ‘कधी लागतं, कधी लागत नाही’ अशी.

यंत्राचं नाव छोटं, १५ अक्षरांच्या आत, तक्त्यातल्या टेबलावरून. एकच नाव दोन यंत्रांना नको.

तपासा: आधी सर्व्हरच्या आयपीला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारा आदेश), मग सर्व्हरच्या नावाला. आयपीला उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही, तर दोष डीएनएसचा. दोन्हीकडे सामसूम, तर आधी राउटरला पिंग करा आणि टप्पा ४ ला परत या.

## टप्पा ६: घड्याळ

हा टप्पा सर्व्हरशी जोडणी करण्याच्या आधी यायला हवा. घड्याळ चुकलेलं असेल तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ किंवा ‘मुदत संपली’ असं दिसतं. डोमेनच्या (संस्थेची खाती आणि यंत्रं एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगिनलाही ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. लोक प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकतात. तसं करू नका.

१. टाईम झोन भारताचा, ५:३० पुढे. ‘आपोआप ओळखा’ वर विसंबू नका.

२. एनटीपीसाठी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्यासाठी) संस्थेचा सर्व्हर. तो नसेल तर राउटर. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ मोकळं हवं.

३. सत्राने यंत्राचा टाईम झोन उचलावा असं सर्व्हरवर ठरवलेलं असेल, तर चुकीचा झोन थेट कामात उतरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा झोन राहून गेला तर इथे सकाळी अकरा वाजता सत्रातली तारीख आदल्या दिवसाची असते. पतसंस्थेत पावतीवर चुकीची तारीख छापली जाणं ही किरकोळ गोष्ट नाही.

## टप्पा ७: सर्व्हरशी जोडणी

१. जोडणी आयपीने न करता पूर्ण नावाने करा. प्रमाणपत्र नावावर असतं. आयपी घातला की दर वेळी इशारा येतो आणि माणसं न वाचता ‘हो’ दाबायला शिकतात.

२. संस्थेचं मूळ प्रमाणपत्र यंत्रात भरा. थिनओएस आणि थिनप्रोमध्ये प्रमाणपत्रांची वेगळी जागा आहे.

३. आरडीपीला (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला) पोर्ट ३३८९, सिट्रिक्सला १४९४ आणि २५९८ आतल्या नेटवर्कवर मोकळे हवेत.

४. तुटलेलं सत्र सर्व्हरवर किती वेळ जिवंत ठेवायचं, ते ठरवा. अर्धा तास योग्य. ‘तुटताच बंद करा’ असं असेल तर केबल क्षणभर हलली तरी अर्धवट भरलेली नोंद जाते. अर्धा तास ठेवला तर कर्मचारी पुन्हा लॉगिन करून त्याच ओळीवर येतो.

सावधान: राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट इंटरनेटसाठी उघडू नका, एका दिवसापुरताही नाही. उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात, आणि सर्व्हरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे याच वाटेने आत येतात. शाखा ते मुख्य कार्यालय हा रस्ता व्हीपीएनचाच.

लॉगिन होतं आणि मग पडदा काळाच राहतो, असं झालं तर नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाचा (पॅकेटचा) आकार तपासा. पीपीपीओईवर चालणाऱ्या फायबर जोडणीत एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ असतो आणि व्हीपीएन त्यातूनही काही खातो. पिंगला ‘तुकडे करू नको’ हा पर्याय लावून १४६४ पासून दहा-दहाने खाली या. उत्तर येणारा सर्वांत मोठा आकडा अधिक २८, हा तुमचा एमटीयू. तो राउटरच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये भरा. प्रत्येक यंत्रात भरत बसू नका.

## टप्पा ८: पडदा, कीबोर्ड, प्रिंटर

पडदा त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर ठेवा, यापलीकडे काही नाही.

कीबोर्डची मांडणी यंत्रात अमेरिकन इंग्रजी ठेवा. ब्रिटिश मांडणी निवडली गेली तर ॲट चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांची अदलाबदल होते. पासवर्डमध्ये ॲट असलेल्यांचं लॉगिन चुकतं आणि तीन प्रयत्नांत खातं बंद पडतं. मराठी इनस्क्रिप्ट सर्व्हरवरच्या सत्रात जोडा. यंत्रात जोडून उपयोग नाही.

पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सर्वसाधारण ड्रायव्हरने चालवला तर तो अक्षरांचं चित्र बनवून छापतो: संथ, आणि ओळी पासबुकातल्या रेषांवरून सरकतात. त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाका आणि जुन्या पासबुकावर दोन पानं छापून पाहा.

## टप्पा ९: फिल्टर परत चढवा, पण परवाना वाचवून

विंडोजवाल्या यंत्रात फिल्टर चढवण्याआधी दोन गोष्टी टिकवायच्या असतात.

पहिली, रिमोट डेस्कटॉपचा परवाना. परवाने यंत्रागणिक असतील तर सर्व्हर पहिल्या वेळी ९० दिवसांचा तात्पुरता परवाना देतो आणि तो यंत्राच्या रजिस्ट्रीत लिहिला जातो. फिल्टरने तो रोज पुसला तर यंत्र रोज नव्याने परवाना मागत राहतं, आणि वीस यंत्रांच्या कार्यालयात परवान्यांचा हिशेब कोलमडतो. दुसरी, डोमेनची गुप्त किल्ली. यंत्र साधारण ३० दिवसांनी डोमेनशी आपला पासवर्ड बदलतं. नवा पासवर्ड सर्व्हरकडे राहतो, यंत्राकडचा फिल्टर पुसतो, आणि ‘डोमेनशी विश्वासाचं नातं तुटलं’ असा संदेश येतो. महिनाभर सुरळीत चाललेली यंत्रं एकामागून एक पडू लागली, तर आधी इथे पाहा.

यूनिफाईड राईट फिल्टरमध्ये या दोन्हींसाठी खास सोय आहे. त्या दोन नोंदी चालू करा, मग फिल्टर चालू करण्याचा आदेश द्या आणि रीस्टार्ट करा. स्थिती पुन्हा पाहा: दोन्ही सत्रांत ‘चालू’. डेस्कटॉपवर पुन्हा एक फाईल करा आणि रीस्टार्ट करा; आता ती नाहीशी व्हायला हवी.

सावधान: मेमरीतला थर भरला की यंत्र अडकतं. मूळ मर्यादा १०२४ एमबी असते. या यंत्रांवर मोठ्या फायली उतरवू देऊ नका.

## टप्पा १०: लाईट घालवून चाचणी

एक यंत्र पूर्ण तयार झालं की बाकीच्यांना हात न लावता ही चाचणी घ्या.

आधी फक्त यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. सत्र चालूच राहिलं पाहिजे. तुटलं तर यूपीएसवर काय राहून गेलं, ते शोधा. मग यूपीएसही बंद करा, पाच मिनिटं थांबा, सगळं चालू करा: आधी फायबरची डबी आणि राउटर, मग स्विच, जागेवर असेल तर सर्व्हर, शेवटी थिन क्लायंट. पत्ता, घड्याळ, जोडणी, छपाई, चारही न बोलता जमली पाहिजेत. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून स्विचच्या पेटीवर चिकटवा.

यानंतरच बाकीच्या यंत्रांवर तयार यंत्राच्या फ्लॅशची नक्कल उतरवा. विंडोजमध्ये नक्कल काढण्याआधी सिसप्रेप (मूळ यंत्राची स्वतंत्र ओळख काढून टाकणारं विंडोजचं साधन) चालवा आणि मूळ यंत्र डोमेनमध्ये घालण्याआधीची नक्कल वापरा. नक्कल उतरल्यावर प्रत्येकाचं नाव तक्त्याप्रमाणे बदला, डोमेनमध्ये घाला आणि टप्पा ९ प्रत्येकावर स्वतंत्र करा.

तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीच्या आत. मे अखेरीस, मृगाचा पाऊस येण्याआधी, एकदा प्लग काढून पात्यांचा रंग पाहा आणि अर्थिंगचं माप घ्या. गणपतीच्या सुट्टीत यंत्रं आठ-दहा दिवस बंद राहिली असतील, तर शाखा उघडल्यावर काउंटर सुरू करण्याआधी प्रत्येक यंत्राची तारीख बघा. मागे गेलेल्या यंत्रांचे सेल त्याच दिवशी बदला.